विलायतेतील शेगडी कशी निघाली

वैशाखाच्या उकाड्यात, घर उबदार ठेवण्याच्या साधनांवर बोलण्यास आम्ही उभे राहिलो आहोत, हे पाहून श्रोत्यांपैकी काहींना हसू आले असेल. तेही इंग्लंडातील घरांविषयी! परंतु हा विषय वाटतो तितका परका नाही. आपल्यातील वडीलधाऱ्यांना न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवत असेल. पोटातून गेलेला नळा, नळ्यात निखारे, भोवती पाणी आणि पुढे पितळी तोटी. तो बंब आपल्या घरांतून केव्हा गेला, हे कोणी सांगू शकेल काय? विजेची किंवा गॅसची उपकरणे आली, बंब माळ्यावर गेला, आणि एके दिवशी मोडीच्या भावाने तांबटाकडे रवाना झाला. त्यासाठी कायदा झाला नाही, सरकारचे अनुदान आले नाही, कोणी अधिकारी दारी आला नाही.

इंग्लंडात असे झाले नाही. तेथे घरातले जुने तापसाधन काढण्यासाठी संसदेला कायदा करावा लागला, खजिन्यातून पैसे द्यावे लागले, आणि हा प्रकार एकदा नव्हे तर गेल्या सत्तर वर्षांत निरनिराळ्या रूपांनी पुनःपुन्हा घडला. यांपैकी काही प्रयत्न तडीस गेले, काही फसले. कोणते तडीस गेले आणि का, एवढाच आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम ती शेगडी कशी होती ते पाहू. बैठकीच्या खोलीत एका भिंतीला कोनाडा, कोनाड्यात लोखंडी जाळी, जाळीवर दगडी कोळसा, आणि वर थेट छपरापर्यंत गेलेले धुराडे. उष्णतेच्या दृष्टीने याहून उधळे साधन शोधून सापडायचे नाही. कोळशातील उष्णतेचा चार-पंचमांश भाग धुराड्यावाटे आकाशात जाई आणि उरलेल्यावर माणसाने समोरून भाजून घ्यावे व पाठीमागून कुडकुडावे! १७९६ साली काउंट रम्फर्ड यांनी या शेगडीचा घसा अरुंद करून व खोली कमी करून तिच्यात पुष्कळ सुधारणा सुचविली. परंतु ती सुधारणा शेगडीच्या बांधणीची होती, कोळसा तोच राहिला. धुराविरुद्धची तक्रार तर फारच जुनी. पहिल्या एडवर्ड राजाने १३०६ साली लंडनमध्ये समुद्रमार्गे येणाऱ्या कोळशास बंदी केली होती, आणि जॉन एव्हलिन यांनी १६६१ साली लंडनच्या धुरावर पुस्तिका लिहून ती दुसऱ्या चार्ल्सला सादर केली होती. बंदी कोणी पाळली नाही. पुस्तिका वाखाणली गेली आणि धूर चालू राहिला.

पुढे कायदे झाले तेही कारखान्यांपुरते. १९२६ सालच्या धूरनिवारणाच्या कायद्यात खासगी घरे वगळलेली होती. आपल्याकडे १९०५ सालचा बंगालचा आणि १९१२ सालचा मुंबईचा कायदाही गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांकडे पाहूनच केलेला. इंग्रज गृहस्थाच्या बैठकीत शिरून त्याच्या शेगडीला हात लावण्याचे धैर्य कोणत्याही मंत्र्याला नव्हते. शेगडी म्हणजे नुसते तापसाधन नव्हे, घराचे घरपण. संध्याकाळी सगळे कुटुंब जिच्याभोवती अर्धवर्तुळ करून बसते ती जागा. बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ साली जन्मलेले लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४५ च्या डिसेंबरात या उघड्या शेगडीचा कैवार घेणारा एक लेख वृत्तपत्रात लिहिला. शेगडी उधळी आहे, घाण करते, हे ते नाकारीत नाहीत. पण ती माणसांना एकत्र बसविते, हा त्यांचा मुद्दा. तो आपल्याला परका वाटू नये. ‘वेगळी चूल मांडली’ म्हणजे कुटुंब दुभंगले, असे म्हणणारी आपली भाषा आहे.

आता १९५२ च्या डिसेंबराकडे वळू. महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती, पण घरगुती कोळशावर शिधावाटप चालूच होते. चांगला कोळसा परदेशी विकून डॉलर मिळवावयाचे आणि घरी हलका वापरावयाचा, हे धोरण. त्या डिसेंबराच्या पहिल्या तारखेस सरकारने ‘नटी स्लॅक’ म्हणजे खड्यांचा व भुकटीचा हलका कोळसा शिधापत्रिकेबाहेर काढला. लोकांनी तो हौसेने घेतला. चारच दिवसांनी, ५ डिसेंबरला, लंडनवर थंड हवेचा थर बसला आणि त्यावर उबदार हवेचे झाकण पडले. वारा नाही. लक्षावधी धुराड्यांचा धूर, वीजकेंद्रांचा गंधकी वायू आणि धुके यांचे जे मिश्रण झाले ते ९ तारखेपर्यंत हलले नाही. बसगाड्या थांबल्या, रुग्णवाहिका चालेनात. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात संगीतिका चालू असता धुके आत शिरले आणि प्रेक्षकांना रंगमंच दिसेना म्हणून प्रयोग बंद करावा लागला. गुरांच्या प्रदर्शनासाठी आणलेली काही उमदी जनावरे गुदमरून मेली, आणि वृत्तपत्रांत प्रथम गवगवा झाला तो त्या जनावरांचा. माणसांचा हिशेब मागाहून लागला. त्या धुक्याने सुमारे चार हजार माणसे मेली, असे तेव्हा ठरले. पुढील अभ्यासकांनी त्यानंतरच्या महिन्यांतील मृत्यू धरून तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. सरकारी खात्याने काही काळ इन्फ्लुएंझाकडे बोट दाखविले. तसे करण्यास कारणही होते. दोष धुराचा ठरला तर शेगडीला हात घालावा लागणार होता.

१९५३ साली सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिचा अंतिम अहवाल १९५४ च्या नोव्हेंबरात आला. समितीने दाखवून दिले ते असे : देशात जळणाऱ्या कोळशापैकी पाचवा हिस्साही घरांत जळत नाही, पण धुरापैकी जवळजवळ निम्मा धूर घरांचा आहे. अपराधी बैठकीच्या खोलीत सापडला. सरकार तरीही घुटमळत होते. तेव्हा जेराल्ड नबॅरो या सरकारपक्षाच्याच सभासदाने स्वतःचे खासगी विधेयक मांडले आणि सरकारने आपले विधेयक आणण्याचे वचन दिल्यावरच ते मागे घेतले. ५ जुलै १९५६ रोजी शुद्ध हवेचा कायदा मंजूर झाला.

या कायद्यातील जे कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते शिक्षेचे नाही. ते आहे सात-दशांशाचे. स्थानिक नगरसभेने एखादा भाग ‘धूरनियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर करावा. त्या भागातील जुन्या घरांची शेगडी बदलण्यास जो वाजवी खर्च येईल त्याचा सात-दशांश नगरसभेने घरमालकाला परत द्यावा. त्यात एकूण खर्चाच्या चार-दशांशाचा भार मध्यवर्ती खजिन्याने उचलावा. आणि उरलेले तीन-दशांश ज्याचे त्याने सोसावे. मात्र नगरसभेची इच्छा असेल तर हे तीन-दशांशही तिने द्यावेत. कायदा होण्याआधी बांधलेल्या घरांनाच हे साहाय्य होते.

खरे मर्म याच्या अंमलबजावणीत आहे. कायद्याने घराघराला चिठ्ठी पाठवून ‘तुम्ही आपली शेगडी बदला आणि पैसे मागा’ असे सांगितले नाही. नगरसभेचा माणूस प्रथम गल्लीगल्लीतून फिरे. कोणाच्या घरी किती शेगड्या, कोणत्या खोलीत, त्यांत काय जळते, कोठे कोक जाळणारी नवी जाळी बसेल आणि कोठे गॅसची अगर विजेची शेगडी लागेल, याची नोंद करी. मग त्या भागाचा नकाशा, मग हुकूम, मग मंत्र्याची मंजुरी. आणि अंमलाची तारीख हुकुमानंतर निदान सहा महिन्यांनी. त्या तारखेस सगळ्या गल्लीने एकदम कोळसा सोडावयाचा. शेजाऱ्याची जुनी शेगडी पेटलेली पाहून मन चळण्याचा प्रश्न नाही, आणि मी एकट्याने काढली तर उपयोग काय हा प्रश्नही नाही. ही कल्पना मुळात मँचेस्टरची. तेथील वकील चार्ल्स गँडी यांनी ‘निर्धूम विभागा’ची सूचना १९३५ साली केली होती, आणि १९५६ च्या आधीच कॉव्हेंट्री व मँचेस्टर यांनी खास अधिकार मिळवून असे विभाग केलेही होते.

सगळीकडे हे सुरळीत पार पडले असे मात्र नाही. कोळशाच्या खाणींच्या गावी मोठा अडथळा आला. खाणकामगाराला वेतनाचा भाग म्हणून कोळसा मिळे. गाडी यावी, दारापुढे ढीग ओतावा, आणि घरातल्यांनी तो फावड्याने आत भरावा, असा रिवाज. आता त्याच्या गल्लीत धूरबंदी झाली तर स्वतःच्या हाताने खणलेला, स्वतःच्या श्रमाचा मोबदला म्हणून मिळालेला कोळसा त्याने स्वतःच्या शेगडीत जाळावयाचा नाही! यॉर्कशायर, डरहॅम या भागांतील नगरसभांत हेच लोक निवडून येत. त्यांनी हुकूम काढण्याची घाई केली नाही. त्यांना आडमुठे म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. सात-दशांश शेगडीच्या किमतीचे मिळत होते, कोळशाच्या किमतीचे कोणी देत नव्हते. शेवटी १९६८ साली दुसरा कायदा करून, ज्या नगरसभा स्वतः होऊन पुढे येत नाहीत त्यांना आज्ञा करण्याचा अधिकार मंत्र्याने आपल्या हाती घेतला. दरम्यान १९६२ च्या डिसेंबरात लंडनवर पुन्हा तसेच धुके आले. या वेळीही शेकडो माणसे दगावली, पण १९५२ च्या मानाने पुष्कळच कमी.

आणि गंमत पाहा. सरकारी पैशाने जी नवी जाळी बसविली तीत जाळावयाचे होते कोक. हा कोक कोठून येई? गावोगावच्या गॅस कारखान्यांतून. तेथे कोळसा बंद भट्टीत तापवून वायू काढीत आणि मागे कोक उरे. पण १९६५ साली उत्तर समुद्राच्या तळाशी नैसर्गिक वायू सापडला. गॅस कारखाने आधीच तेलाकडे वळत होते, आता ते मिटू लागले. त्यांच्याबरोबर कोकही आटला. १९७० साली धूररहित इंधनाचा एवढा तुटवडा पडला की काही ठिकाणचे हुकूम तात्पुरते स्थगित ठेवावे लागले. ज्या गृहस्थाने आपले तीन-दशांश भरून नवी जाळी घेतली होती, त्याची नवी जाळी बारा-पंधरा वर्षांत जुनी झाली.

मग दुसरा मोठा पालट आला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सबंध ब्रिटनची गॅस उपकरणे नैसर्गिक वायूला जुळवून घेण्यात आली. सुमारे एक कोटी तीस लाख ग्राहक आणि साडेतीन कोटींच्या आसपास उपकरणे! नैसर्गिक वायूत जुन्या वायूच्या जवळजवळ दुप्पट उष्णता असते आणि तो जळतोही निराळ्या रीतीने. म्हणून प्रत्येक शेगडीचे, प्रत्येक चुलीचे ज्वालक बदलणे प्राप्त होते. येथेही पद्धत तीच, विभागाविभागाची. आधी घरोघर जाऊन उपकरणांची यादी. ठरल्या दिवशी त्या विभागाचा नळ तोडून जुना वायू जाळून टाकावयाचा. कारागिरांची फौज घराघरांत शिरून काही दिवसांत सर्व ज्वालक बदलून मोकळी. ग्राहकाकडून या बदलाचे पैसे घेतले नाहीत. तक्रारी झाल्या, पुष्कळ झाल्या. पण दहा वर्षांत काम पुरे झाले, आणि एकही गल्ली मागे राहिली नाही.

याच काळात ‘सेंट्रल हीटिंग’ म्हणजे एका ठिकाणी पाणी तापवून ते भिंतीशी लावलेल्या लोखंडी रेडिएटरांतून सर्व घरभर फिरविण्याची रीत सामान्य घरांत शिरली. १९७० च्या सुमारास तीनांपैकी एका घरी ती होती. शतक संपता संपता नऊ-दशांश घरांत पोहोचली. पाणी तापविण्याचे पात्र पुष्कळ घरांत जुन्या शेगडीच्याच कोनाड्यात बसविले. पुढे गॅसची शोभेची शेगडी, मागे पात्र, वरच्या मजल्यावर तांब्याचे पिंप, माळ्यावर थंड पाण्याची टाकी. यास ते ‘बॅक बॉयलर’ म्हणतात. आपण ‘मागचा बंब’ म्हणू. शेगडी गेली असे लोकांना वाटू नये म्हणून की काय, पुढच्या गॅस-शेगडीत खोटे निखारे लाल दिव्याने उजळलेले असत. आपल्याकडून तिकडे शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यांना मात्र फार करून मीटरमध्ये शिलिंग टाकून पेटवावयाची एकटी गॅस-शेगडीच वाट्यास आली, आणि शिलिंग संपले की पांघरूण!

हा मागचा बंब आता निघतो आहे. तो काढणे म्हणजे केवढा खटाटोप असतो, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी क्वचितच सांगितले आहे. प्रथम सर्व रेडिएटरांतले पाणी सोडावे लागते. ते काळे येते, कारण आतल्या लोखंडाचा गंज वर्षानुवर्षे गाळ होऊन बसलेला असतो. गॅस तोडावयाचा, पुढची शेगडी उतरवावयाची, मागचे पात्र सोडवावयाचे, मग धुराड्यातून खाली सोडलेली पोलादी धूरनळी ओढून काढावयाची. जुन्या कामांत सांध्यांना अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेले असले तर त्यासाठी निराळी माणसे आणि निराळी खबरदारी. धुराड्याचे तोंड वर झाकावयाचे, पण पुरते बुजवावयाचे नाही. आत हवा खेळली नाही तर शंभर वर्षांची काजळी ओल धरते आणि भिंतीवर पिवळसर-तपकिरी डाग उमटतात. आणि कोणी आळसाने कोळशाच्या शेगडीमागचा बंब न काढता नळाची तोंडे बंद करून तसाच भिंतीत ठेवला, आणि पुढच्या मालकाने हौसेने शेगडी पुन्हा पेटविली, तर कोंडलेल्या वाफेने तो फुटतो. असे स्फोट होऊन माणसे दगावली आहेत. जुने नुसते बंद करून भागत नाही, ते भिंतीबाहेर काढावेच लागते.

आता सरकारी साहाय्याचा तिसरा काळ पाहू. एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये बॉयलर नवा घ्यावयाचा तर सामान्यतः ‘कंडेन्सिंग’ प्रकारचाच, म्हणजे धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही पदरात पाडून घेणाराच घेतला पाहिजे, असा नियम झाला. मागच्या बंबाची पुढची पिढी तेथेच खुंटली. जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडात जुने, ‘जी’ या शेवटच्या प्रतीचे बॉयलर मोडीत काढण्यासाठी ४०० पौंडांची चिठ्ठी देण्याची योजना आली. चिठ्ठ्या १,२५,०००, आणि त्या काही आठवड्यांतच संपल्या. यश म्हणावे काय? संख्येने होय. परंतु ४०० पौंडांवरचा खर्च ज्याला झेपत होता त्यानेच ती चिठ्ठी उचलली. १९५६ साली घरमालकाच्या वाट्यास तीन-दशांश होते. येथे प्रमाण जवळजवळ उलटे झाले होते.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘ग्रीन होम्स ग्रँट’ म्हणून दुसरी योजना इंग्लंडात आली. या वेळी हात सैल होता : खर्चाचा दोन-तृतीयांश, ५,००० पौंडांपर्यंत, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास सर्व खर्च, १०,००० पौंडांपर्यंत. दोन-तृतीयांश आणि सात-दशांश यांत अंतर ते किती? म्हणजे औदार्य १९५६ च्या तोडीचेच. उद्दिष्ट सहा लाख घरांचे. योजना ३१ मार्च २०२१ रोजी, सहा महिन्यांत, गुंडाळली गेली, आणि तिच्यातून सुमारे ४७,५०० घरांची कामे होतील असा हिशेब सरकारच्या लेखापरीक्षकांनी त्याच वर्षी मांडला. पैसा होता, अर्ज होते. मग अडले कोठे? प्रत्येक कुटुंबाने एकट्याने अर्ज करावयाचा, एकट्याने मान्यताप्राप्त कारागीर शोधावयाचा, दूरच्या कचेरीकडून आलेल्या चिठ्ठीची वाट पाहावयाची. असे कारागीर पुरेसे नव्हते, आणि सहा महिन्यांच्या कामासाठी नवे तयार होणार कसे? नगरसभेचा तो वही घेऊन दारात येणारा माणूस या वेळी नव्हता. आमच्या मते सगळा फरक त्या माणसाचा आहे. अर्थात १९५६ च्या कामाला वीस-पंचवीस वर्षे मिळाली आणि २०२० च्या कामाला एक हिवाळा, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

२०२२ सालापासून इंग्लंड व वेल्समध्ये बॉयलर काढून ‘हीट पंप’ बसविणाऱ्यास साहाय्य सुरू झाले : हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपास प्रथम ५,००० पौंड, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ७,५००. हीट पंप म्हणजे उलटा शीतकपाट. बाहेरच्या गार हवेतली उष्णता गोळा करून आत आणणारा. या योजनेची एक अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुने साधन पुरते गेले पाहिजे. अडीअडचणीला असावा म्हणून बॉयलर ठेवून जोडीला पंप, हे चालत नाही. अट रास्त आहे, पण घरमालकाची धास्तीही खरी आहे. पंप पाणी बॉयलरइतके कढत देत नाही, म्हणून बहुधा मोठे रेडिएटर लागतात. १९७० च्या काळात पैसा वाचविण्यासाठी बोटाहून बारीक नळ्या घातल्या असतील तर त्याही बदलाव्या लागतात. शेजारच्या चार घरी पंप नीट चाललेला पाहिल्याशिवाय चालता बॉयलर देऊन टाकावयाचा, हे धाडस एकट्यादुकट्याला जड जाते.

आपल्याकडे या अटीचा दुसरा अर्थ दिसतो. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांत गॅसची जोडणी गेली. पण चूल काढा असे कोणी म्हटले नाही, आणि म्हणणे शक्यही नव्हते. सिलिंडर संपला व पैसे नसले तर भाकरी कशावर भाजावयाची? म्हणून पुष्कळ घरांत गॅस ओट्यावर आणि चूल परसात, अशी दोन्ही नांदतात, आणि सरपणाचा धूर बाईच्या डोळ्यांत जातोच. डरहॅमच्या खाणकामगाराचा कोळसा आणि आपल्या बाईचे सरपण यांत आम्हांस फार अंतर दिसत नाही. दोघांनाही नवे साधन मिळाले, इंधनाची हमी कोणी दिली नाही.

जाता जाता त्या धुराड्यांविषयी. मँचेस्टर किंवा लीड्सच्या विटांच्या चाळींवर ती अजून रांगेने उभी आहेत. एक धुराडे बहुधा दोन घरांचे सामाईक, वर मातीच्या नळकांड्यांची ओळ, काहींवर टोपण. त्यांतून धूर येत नाही. सात-दशांश शेगडीसाठी होते, ४०० पौंड बॉयलरसाठी, ७,५०० पंपासाठी. धुराडे उतरविण्यासाठी यांपैकी एकाही योजनेत छदाम नाही, आणि शेजाऱ्याच्या संमतीवाचून ते एकट्याने पाडताही येत नाही. हिवाळ्याच्या सकाळी वाफेचा पांढरा पुंजका दिसतो तो त्यांतून नव्हे, खाली भिंतीतून बाहेर काढलेल्या वीतभर नळीतून.